डाव्या बाजूची फळी

मी बोलतेय. इथं, खाली, जिन्याशेजारी, चौथ्या खांबामागं. इकडंतिकडं काय बघताय? माणूस नाही, गाडी बोलतेय. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, दुधावरच्या सायीच्या रंगाची. तुमच्या नव्या गाड्या 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा' असं सारखं सांगत असतात, तसली मी नाही. वाट चालवणाऱ्याला ठाऊक असायची, ही आमच्या वेळची रीत. मी सांगणार ते माझं स्वतःचं. साठी कधीच उलटली. आता नाही बोलायचं तर कधी बोलायचं?

माझा जन्म विलायतेतला. तिथलं फारसं आठवत नाही, आणि सगळं आठवत असल्याचा आव आणणाऱ्या म्हाताऱ्या गाड्या मला आवडत नाहीत. एवढंच ध्यानात आहे की थंडी फार होती, आणि माझ्या बॉनेटची कड एका माणसानं हातानं ठोकून बसवली. ठोकता ठोकता तो शीळ घालत होता. ती कड आतल्या बाजूनं अजून जराशी वेडीवाकडी आहे. बाहेरून दिसत नाही. पण आहे.

मग बोट, मग मुंबई बंदर, मग आमचे शेट. शेट पारशी. खाडीकाठी त्यांचं मिठागर होतं, म्हणजे आता तुमचे सेक्टर आणि सोसायट्या आहेत तिथं. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. शेट मुंबईहून ठाण्याला वळसा घालून यायचे, वाऱ्यासारखी मला पळवत. माणूस दिलदार, पण एकटा. लग्न केलेलं नव्हतं. माझ्या डाव्या सीटवर त्यांची हॅट बसायची. सात-आठ वर्षं मी त्या हॅटला फिरवलं. दोन माणसांची गाडी आणि माणूस एकच, याचं मला तेव्हापासून वाईट वाटायचं.

मिठागराचा मुकादम होता कमळाकर. गावातलाच, आगरी, पंचविशीचा, हातानं चपळ आणि बोलायला कमी. शेट हिशेबाला बसले की हा माझं बॉनेट उघडून उभा राहायचा. आधी नुसता बघायचा. मग पुसायला लागला, मग ऐकायला लागला. माझं इंजिन कुठं अडखळतं ते शेटच्या आधी त्याला कळायचं.

पूल झाला त्या सुमारास शेटनी परदेशात बहिणीकडं कायमचं जायचं ठरवलं. जाताना किल्ली कमळाकरच्या हातात ठेवली आणि बजावलं, की हिला रोज संध्याकाळी फिरवायचं, नाहीतर ही रुसेल. हॅट मात्र बरोबर घेऊन गेले. बांधावरून चालत जाताना त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. मी बघत होते.

आता गावाचं काय सांगू. गाडी आली म्हणून अख्खा गाव जमला, आणि दोनच सीटा बघून अख्खा गाव हसला. कमळाकरच्या घरात चौदा माणसं. त्याच्या आईनं, तिला सगळे 'आय' म्हणायचे, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं की यात जेवणाचा टोप ठेवायचा कुठं.  कमळाकरनं मला हळदकुंकू लावलं आणि अंगणातल्या उंबराखाली जागा दिली.

आणि मग त्यानं ती चूक केली. प्रेमानं केली, म्हणून आजवर मी त्याच्यावर रागावू शकले नाही. रोज सकाळी तो मला अंघोळ घालायचा. विहिरीच्या पाण्यानं. आणि आमच्या गावची विहीर खाडीला लागून, पाणी मचूळ, भरतीच्या दिवसांत तर चक्क खारट. तुम्ही म्हणाल, एवढं साधं कळू नये? पण ज्या गावात मासळी मिठात टिकते, कैरी मिठात टिकते, जिथं मिठावर घर चालतं, तिथं मिठानं एखादी वस्तू नासते हे कोणाला सुचणार? चोळून चोळून, कोपऱ्याकोपऱ्यात फडकं घालून तो मला मीठ लावत होता. वरून मी चकचकीत. खालून माझा पत्रा पापडासारखा होत चालला होता.

पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. मालती आली. वरच्या गावची, ठेंगणी, एकोणीस वर्षांची. चौदा माणसांचं घर आता पंधरा माणसांचं झालं. अशा घरात नव्या नवरानवरीनं एकमेकांशी बोलायचं कुठं? ओटीवर भाऊ, चुलीपाशी जावा, मधल्या खोलीत आय. दोन महिने त्या दोघांचं धड एक वाक्य झालं नसेल. मी उंबराखालून बघत होते ना.

मग एका संध्याकाळी कमळाकरनं आयला सांगितलं, की गाडीचे स्प्रिंग एका बाजूला बसायला लागलेत. डाव्या बाजूला कोणीतरी वजनाला पाहिजे. थोरला भाऊ लगेच उठला, मी येतो म्हणाला. कमळाकर म्हणाला, तू जड पडशील. धाकटा उठला, तो हलका पडत होता. आयनं दोघांकडं बघितलं, कमळाकरकडं बघितलं, आणि सुनेला हाक मारून सांगितलं की बाई, तूच जा, तुझंच वजन बरोबर दिसतंय. आय काही भोळी नव्हती.

साफ खोटं होतं ते. माझे स्प्रिंग ठणठणीत होते. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या डाव्या सीटवर माणूस बसलं आणि मला काय वाटलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. आनंद झाला, एवढंच म्हणते.

तेव्हापासून रोज. गावातून निघायचं, मिठागराच्या बांधावरून शेवटपर्यंत जायचं. तिथं खाडी लागायची. कमळाकर इंजिन बंद करायचा. मालती डोक्यावरचा पदर खाली घ्यायची. बोलणं फार नसायचं. ती गावच्या भातशेतीचं सांगायची, तो मिठाचं सांगायचा. बरेचदा दोघं गप्प बसायची. मग अंधारायच्या आत मालती म्हणायची, "चला आता, आय वाट बगत आसल." ते ऐकलं की कमळाकर मोकळ्या खाडीकडं तोंड करून एकदाच हॉर्न द्यायचा. माझा हॉर्न घोगरा, सर्दी झालेल्या माणसासारखा. मालती हसायची. मग परत. हा त्यांचा नेम होता. निघू या असं तो स्वतःहून कधीही म्हणाला नाही.

आणि एक दिवस व्हायचं ते झालं. बांधावरून जाताना मालतीनं सीटच्या कडेला सरकून टाच टेकवली आणि टाच थेट खाली गेली. माझा पत्रा फाटला होता. तिची डावी चप्पल बांधावर राहिली आणि पायाखालून रस्ता पळताना दिसायला लागला. मालती हसून हसून बेजार झाली. कमळाकर हसला नाही. तो उतरून खाली वाकला, हातानं पत्रा चाचपला, आणि बोटांना लागलेलं त्यानं चाटून बघितलं. मीठ. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. असा चेहरा पडला की मलाच म्हणावंसं वाटलं, असू दे रे बाबा.

दुसऱ्या दिवशी तो देवजीकडं गेला. देवजी होड्या बांधायचा. कमळाकरनं कागदात गुंडाळून मालतीची उरलेली उजवी चप्पल नेली होती, मापाला. त्यानं देवजीला हळूच सांगितलं की तिचे पाय खाली टेकत नाहीत, लोंबकळतात, बांधावर जाऊन बसलं की मुंग्या येतात. तर फळी अशी बसव की तिचे पाय टेकतील. देवजीनं चप्पल हातात धरून त्याची जी काही थट्टा केली ती मी इथं सांगत नाही. पण काम मन लावून केलं. होडीचा उरलेला सागवान घेतला, पुढून उंच मागून उतरता असा तासला, टाचांसाठी दोन खळगे काढले, आणि होडीची पहिली फळी बसवताना करतात तसं हळदकुंकू लावून माझ्या डाव्या बाजूला पक्का केला. उजवीकडं साधी फळी ठोकली. मग बजावलं की गोडं पाणी मिळेल तेव्हाच धुवायची, आणि होडीला लावतो ते मुशीचं तेल हिला खालून लावायचं, दर दोन महिन्यांनी.

मुशी म्हणजे मोठा मासा, त्याच्या काळजाचं तेल. वास असा की गावातली यच्चयावत मांजरं माझ्याखाली मुक्कामाला. पण त्या तेलानं मला वाचवलं.

त्या संध्याकाळी मालती बसली. पाय खाली सोडले, ते टेकले. तिनं मान वळवून कमळाकरकडं बघितलं. तो सरळ रस्त्याकडं बघत राहिला. दोघांपैकी कोणीही काही बोललं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही.

वर्षं गेली. धनेश झाला, तो काही वर्षं आईच्या मांडीवर बसून आला, मग मोठा झाला आणि त्याला बांधाचा कंटाळा आला. मिठागर बंद पडलं. जमिनी शहरात गेल्या. उंबर गेला, तिथं ही चार मजल्यांची इमारत झाली आणि मी खाली खांबांत आले. पंधरा माणसं पंधरा दिशांना पांगली. आय तर कधीच गेली होती. आता घर मोकळं होतं, निमित्त काढायची गरज उरली नव्हती. तरी दोघं रोज संध्याकाळी खाली यायची. बांधाच्या जागी रस्ता झाला होता, त्याच्या टोकाला खाडीपाशी थांबायची. आणि शेवटी मालतीबाई, आता त्यांना बाई म्हटलं पाहिजे, न चुकता म्हणायच्या, "चला आता, आय वाट बगत आसल." कमळाकर हॉर्न द्यायचा. दोघं म्हातारी हसायची. आय जाऊन वीस वर्षं झाली होती. ही गंमत फक्त तिघांना ठाऊक होती, त्या दोघांना आणि मला.

चौदा वर्षांपूर्वी कमळाकर गेला. सकाळी मला पुसून गेला आणि दुपारी गेला.

माझ्यावर ताडपत्री आली. पहिली दोन-तीन वर्षं मालतीबाई संध्याकाळी खाली यायच्या, ताडपत्रीवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि वर जायच्या. मग गुडघे धरले, काचबिंदूनं नजर गेली. उजेड, अंधार आणि रंगाचा डाग, एवढंच दिसायचं. येणं थांबलं. धनेश बेलापूरला ऑफिसजवळ राहायला गेला होता. आईला किती वेळा चल म्हणाला, पण ती काही घर सोडेना. तेव्हा वर ती एकटी आणि खाली मी एकटी. मधे दोन मजले भाडेकरूंचे.

त्या वर्षांचं काय सांगू? भाडेकरू भली माणसं, पण ताडपत्रीखाली काय आहे हे विचारायला कोणाला सवड? कोणी माझ्यावर मोडकी खाट ठेवली. कोणी गणपतीचं मखर ठेवलं, ते पुढच्या गणपतीला नेलं आणि परत आणून ठेवलं. टायर बसले. तेलाचा वास विरला तशी मांजरंसुद्धा गेली. संध्याकाळ झाली की मला कळायचं. बाकी दिवसभराचं काही वाटायचं नाही, पण ती तेवढी वेळ जात नसे.

गेल्या वर्षी इमारतीच्या मीटिंगमध्ये ठरलं की पार्किंग कमी पडतंय, ते भंगार हलवा. भंगारवाला आला. त्यानं ताडपत्री उचलून मला दोन टपल्या मारल्या.  तेवढ्यात मालतीबाई कठडा धरून एकेक पायरी उतरत आल्या आणि त्यांनी धनेशला सुनावलं, "मी हाय तवर ही गारी जायाची नाय. मना एकदा बांधावर जायाचं हाय हिच्यातून. एकदाच. मग काय करायचं ते कर." गाडीला त्या 'गारी'च म्हणतात. आगरी बोलीत ते असंच.

धनेशच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट मुलगा नाही तो. त्यानं ठरवलं की नुसती चालू करायची नाही, बाबांची गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची. वाशीला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, त्यात उभी करायची, आणि समोर पाटी लावायची बाबांच्या नावाची.

मला कळंबोलीला नेलं. लोखंड बाजाराच्या मागं ट्रकच्या बॉड्या बांधतात त्या गल्लीत उदयसिंहाचं गॅरेज. उदयसिंह साताऱ्याकडचा, जाडजूड, कानावर पेन्सिल. ट्रकचे डेंट काढता काढता जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेला. त्याची एक रीत होती. हत्यार हातात घेण्याआधी तो माझ्या अंगावर बोटाच्या पेरानं ठकठक करत पूर्ण फिरला. जिथं पत्रा वाजला तिथं खडूनं फुली मारली नाही, जिथं बद्द आवाज आला तिथं फुली. मग धनेशला म्हणाला, "साहेब, जिता पत्रा मी बदलणार न्हाई. मेलेला तेवढाच काढणार. नवीनच गाडी पायजे असंल तर शोरूममधनं घ्या."

आणि दुसरी रीत. माझ्यातून काढलेली प्रत्येक वस्तू, गंजलेला स्क्रू का असेना, तो गोणीत टाकायचा आणि गोणीवर माझं नाव लिहायचा. मालक गाडीत बसून समाधानानं हसेपर्यंत ती गोणी फेकायची नाही, असा त्याचा दंडक होता.

सात महिने मी तिथं होते. तो माझ्या खाली झोपून तासन्‌तास खरवडायचा. मुशीच्या तेलाचा काळा थर निघाला आणि आत पत्रा जिवंत सापडला तेव्हा त्यानं थर नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि मग हसला. कमळाकरनं मधे कधीतरी मला होडीचा निळा रंग ब्रशनं फासला होता, त्याखाली माझा सायीचा रंग निघाला. बॉनेटची ती वेडीवाकडी कड त्याच्या हाताला लागली. धनेश म्हणाला, सरळ करून टाका. उदयसिंह म्हणाला, कोणाच्यातरी हाताची हाय, ऱ्हाऊ द्या. हॉर्नवरून तर वाद झाला. धनेशला तो घोगरा आवाज नको होता. उदयसिंहानं दोन दिवस खर्चून तोच हॉर्न साफ केला आणि सांगितलं की आवाज बदलला तर गाडी दुसरी होते.

पण फळीपाशी मात्र त्याचं चाललं नाही. धनेशनं सागवान बघितला आणि तो म्हणाला की हा बाबांचा जुगाड आहे, हा काढा. इथं पत्र्याचा तळ पाहिजे, फुल ओरिजिनल. प्रदर्शनात लाकूड दिसलं तर मार्क कापतात. त्याला मांडीवरचं वय आठवत नव्हतं आणि चपलेचं माप तर त्याच्या जन्माआधीचं. उदयसिंह बराच वेळ फळीवरच्या दोन खळग्यांवर हात फिरवत राहिला. "ह्यो जुगाड न्हाई वाटत साहेब," एवढं म्हणाला. धनेश ऐकेना. फळी निघाली, गोणीत गेली.

आता खरं बोलते, लपवून काय उपयोग? मला तेव्हा वाईट वाटलं नाही. चौदा वर्षं मखर आणि खाट डोक्यावर घेतलेल्या बाईला कोणी न्हाऊमाखू घातलं, तिचा तारुण्यातला रंग परत दिला, तर तिला एका फळीचं काय? मी आरशासारखी झाले होते. गल्लीतले ट्रकवाले थांबून बघायचे. मी चढून गेले होते. मला फळीची आठवणसुद्धा झाली नाही.

गुरुवारी मला घरी आणलं. रविवारी प्रदर्शन होतं. धनेशनं आईला हाताला धरून खाली आणलं, दार उघडलं, डाव्या सीटवर बसवलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, इतका खूश. मालतीबाईंनी पाय खाली सोडले.

पाय टेकले नाहीत.

त्या थोडा वेळ पायांनी चाचपडत राहिल्या. इकडं, तिकडं, पुढं. मग हात फिरवला नव्या कातड्यावरून. वास घेतला. नव्या रंगाचा वास, दुसरं काही नाही. मला तेव्हा सगळं आठवलं, पण आता मी काय करणार? परक्या माणसाशी बोलावं तशा सभ्य आवाजात मालतीबाई म्हणाल्या, "चांगली हाय रं गारी. कोनाची?"

धनेशला वाटलं आई मस्करी करतेय. मग त्यानं तिचं तोंड बघितलं. तो सांगायला लागला की आई, आपलीच आहे, बाबांची आहे, हा रंग बघ, हे बघ. ती म्हणाली, "आसल बाबा," आणि हात पुढं केला, उतरव म्हणून. तिला वर सोडून तो खाली आला आणि माझ्या दारासमोर जिन्याच्या पायरीवर बसला. मीही बसल्यासारखीच होते. आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं होतं की आपल्या हातून काहीतरी गेलं. काय गेलं ते मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं, एवढाच फरक. आणि म्हणून माझा गुन्हा मोठा.

त्यानं उदयसिंहाला फोन लावला. रडकुंडीला आला होता. तिकडून उदयसिंहानं एकच प्रश्न विचारला, की माउली बसल्यावर त्यांनी पाय कुठं ठेवले. 

शुक्रवारी दुपारी उदयसिंह गोणी घेऊन आला. फळी त्यानं फेकली नव्हती, उलट साफ करून ठेवली होती. त्यानं वर जाऊन मालतीबाईंकडून त्यांची उजवी चप्पल मागून आणली आणि धनेशसमोर फळीच्या खळग्यात ठेवली. टाच बरोबर बसली. पन्नास वर्षांपूर्वीचं माप. धनेशनं ती चप्पल उचलून स्वतः पुन्हा खळग्यात ठेवून बघितली. उदयसिंहानं विचारलं, बसवू का, मार्क कापतील. धनेश म्हणाला, "कापू देत." चार स्क्रू. पाच मिनिटांचं काम होतं. मग उदयसिंहानं खिशातून एक छोटी बाटली काढली आणि फळीला हातानं तेल चोळलं. मुशीचं. कुठून पैदा केलं देव जाणे.

संध्याकाळी मालतीबाई पुन्हा खाली आल्या. धनेशच्या आग्रहाखातर, नाइलाजानं. बसल्या. पाय सोडले. टेकले.  त्यांनी नुसता डोक्यावरचा पदर खाली घेतला.

धनेशनं मला बाहेर काढलं. रस्त्याच्या टोकाला खाडीपाशी आता फरशा आहेत, बाकं आहेत, लोक चालायला येतात. त्यानं इंजिन बंद केलं. मालतीबाई समोर बघत बसल्या, त्यांना दिसत काही नसावं, पण खाडीचा वारा तोच होता. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "चला आता, आय वाट बगत आसल."

धनेशनं दचकून बघितलं. आजी जाऊन किती वर्षं झाली, हे त्याच्या अगदी ओठांवर आलेलं मला दिसलं. पण आदल्या दिवशी तो शिकला होता, त्यानं तोंड मिटलं. मालतीबाई तशाच बसून राहिल्या, मान जराशी कलती करून. मला ठाऊक होतं त्या कशाची वाट बघतायत. जगात मला एकटीलाच ठाऊक होतं. हॉर्न माझाच, पण वाजवायला हात लागतो हो. त्या घटकेइतकी एकटी मी ताडपत्रीखालीसुद्धा नव्हते.

"चल रं," शेवटी त्या म्हणाल्या. धनेशनं किल्ली फिरवली. मला वळवायला लागला तर समोर एक सायकलवाला, कानात काहीतरी घालून, आपल्याच तंद्रीत. धनेशनं त्याला बाजूला करायला म्हणून एकदा हॉर्न दिला. तोच, घोगरा, सर्दी झालेला.

मालतीबाई हसल्या. टाच घुसली होती त्या दिवशी हसल्या होत्या तशा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. धनेशनं गोंधळून विचारलं, काय झालं आई. "काय नाय. तू चालव," त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले.

प्रदर्शनात माझा नंबर आला नाही. हातात पॅड घेतलेले एक गृहस्थ वाकून फळीकडं बघून म्हणाले, हे नंतर घातलेलं दिसतंय. धनेश म्हणाला, "नाही, हे ओरिजिनल आहे." त्यांनी मार्क कापले. आम्ही दोघं खुशीत परत आलो.

आता ताडपत्री नाही. धनेश येतो, दर रविवारी, कधी मधेही. मग आम्ही तिघं खाडीवर जातो. त्या हसण्याचं त्यानं पुन्हा आईला विचारलेलं नाही, आणि तिनं सांगितलेलं नाही, पण निघायच्या वेळी तो आता एकदा हॉर्न देतो, रस्ता मोकळा असला तरी. बाकीचे दिवस मालतीबाईंना उतरवत नाही आणि मी इथं खांबामागं संध्याकाळ काढते. दोघी एकेकट्या, मधे दोन मजले. पुढं कधीतरी ती डावी सीट कायमची रिकामी होईल, हे मला कळतं. मी गाडी असले तरी खुळी नाही.

म्हणून आताच सांगून ठेवते, नंतर माझं ऐकायला कोण थांबेल? मला नवी करू नका, ती हौस एकदा भागली. मला गोड्या पाण्यानं धुवा. रोज थोडं फिरवा, नाहीतर मी रुसते, शेट उगाच नव्हते सांगत. आणि निघताना डाव्या बाजूला कोणीतरी बसत जा. एका बाजूला वजन नसलं की माझे स्प्रिंग बसतात.